टनाचा हिशोब आधी, चौरस फुटाचा दर नंतर

सांगलीतील विश्रामबाग परिसरातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी लिहिले आहे: ‘आमच्या संस्थेचा अंतर्गत मुख्य रस्ता ३१० मीटर लांबीचा असून त्याला ६० मीटरच्या तीन गल्ल्या मिळतात. अकरा वर्षांपूर्वी केलेले डांबरीकरण आता उखडले आहे. प्रवेशद्वारापासूनचा ९० मीटरचा भाग टँकर आणि शाळेच्या बसच्या ये-जा करण्याने खचला आहे. बाकी ठिकाणी वरची खडी सुटली असून काही जागी पाणी साचते. आम्ही तीन ठेकेदारांकडून दर मागवले. पहिल्याने चौरस फुटाला ४२ रुपये सांगितले. दुसऱ्याने जीएसटीसह ठोक ९ लाख ४० हजार सांगितले. तिसऱ्याने हॉटमिक्स (प्लांटमध्ये गरम मिसळलेला डांबर-खडीचा) माल आणून, टॅक कोट (थर चिकटण्यासाठीचा डांबरी फवारा) मारून, पेव्हरने पसरून आणि रोलर फिरवून टनाला ५,१०० रुपये सांगितले असून जीएसटी वेगळा आहे. सर्वसाधारण सभेने साडेसोळा लाखांपर्यंत खर्चास मान्यता दिली आहे. बहुतेक सभासदांना ठोक रक्कम सोयीची वाटते. आम्ही कोणता दर स्वीकारावा आणि खर्च किती धरावा?’

आपण पत्रासोबत हाताने काढलेला नकाशा पाठवलात याबद्दल आभार, कारण त्याच्याशिवाय हे उत्तर देता आले नसते. माझे मत आधीच सांगतो. आज आपल्यासमोर असलेल्या तीन दरांची तुलना होऊ शकत नाही. पहिल्या दोघांनी डांबराचा थर किती मिलिमीटरचा असेल हे कागदावर लिहिलेलेच नाही, आणि ज्या दरात जाडी नाही त्या दरात रस्ता नाही, केवळ काळा रंग आहे. रस्त्याचे अंदाजपत्रक क्षेत्रफळापासून सुरू होते, जाडीवरून घनमीटरात जाते आणि घनतेवरून टनात येऊन थांबते. रुपयांचा विचार त्यानंतर करायचा असतो. म्हणून प्रथम आपण स्वतः टन काढू या.

मोजणीपासून सुरुवात करू. आपण मुख्य रस्त्याची रुंदी पाच ठिकाणी मोजली आहे: ५.४, ५.२, ४.९, ५.१ आणि ५.४ मीटर. याची सरासरी ५.२ मीटर येते, म्हणजे मुख्य रस्त्याचे क्षेत्रफळ ३१० गुणिले ५.२ असे १,६१२ चौरस मीटर होते. तीन गल्ल्यांची रुंदी आपण ३.६ मीटर लिहिली आहे. त्यांचे मिळून ६४८ चौरस मीटर होतात. या दोन आकड्यांवर थांबण्याची चूक फार जण करतात. गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथे दोन्ही बाजूंना गोलाई असते. तीन मीटर त्रिज्येच्या एका कोपऱ्यात सुमारे १.९ चौरस मीटर जागा असते, त्यामुळे सहा कोपऱ्यांचे १२ चौरस मीटर धरावे लागतात. रस्त्याच्या टोकाला गाडी वळवण्यासाठी सोडलेली जागा नकाशावरून ६८ चौरस मीटर दिसते. एकूण क्षेत्रफळ २,३४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २५,१९० चौरस फूट होते. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका वसाहतीचे अंदाजपत्रक करताना मी रुंदी एकाच ठिकाणी मोजली होती आणि वळणाची जागा धरलीच नव्हती. शेवटच्या दिवशी माल कमी पडला, राहिलेले चाळीस मीटर पातळ थरात ओढून काढावे लागले, आणि पहिल्या पावसाळ्यात नेमका तोच भाग उखडला. त्या वसाहतीतील लोकांनी पैसे पूर्ण दिले होते, ही गोष्ट मला आजही विसरता येत नाही.

आता प्रवेशद्वाराजवळच्या खचलेल्या ९० मीटरकडे वळू, कारण आपल्या कामाचा खरा प्रश्न तिथे आहे. खचलेल्या रस्त्यावर नुसता नवा थर टाकला तर तो थरही खालच्या आकाराप्रमाणेच खचतो. खचण्याचे कारण डांबरात नसते, ते रस्त्याखालच्या पायात असते. साताऱ्याकडे डोंगरउतारावर थोडे खोदले की अनेक ठिकाणी मुरूम लागतो. कृष्णाकाठच्या सांगलीत मात्र काळी माती खोलवर असते. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, आणि तिच्यावर बसलेला रस्ता दर वर्षी थोडाथोडा हलत राहतो. म्हणून कोणताही दर ठरवण्याआधी या भागात एक मीटर खोलीचे दोन चाचणी खड्डे घ्यावेत, एक रस्त्याच्या मध्यावर आणि एक गटारीच्या बाजूला. त्यात खडीचा थर किती आहे, त्याखाली मुरूम आहे की थेट काळी माती, आणि माती ओली आहे का, हे डोळ्यांनी दिसेल. दोन मजुरांच्या एका दिवसाच्या मजुरीत जी माहिती मिळते ती मिळवण्याची टाळाटाळ करू नये.

या भागाची रुंदी ५.४ मीटर धरली तर क्षेत्रफळ ४८६ चौरस मीटर होते. माझी शिफारस अशी आहे की येथे जुना रस्ता खोदून १५० मिलिमीटर जीएसबी (पायाचा तळाचा खडीचा थर), त्यावर १५० मिलिमीटर डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेली खडी), त्यावर ५० मिलिमीटर बीएम (मोकळ्या बांधणीचा डांबरी थर) आणि शेवटी सगळ्या रस्त्याबरोबर ३० मिलिमीटर बीसी (सर्वांत वरचा घट्ट डांबरी थर) असा थर द्यावा. उरलेला रस्ता नव्या थरामुळे ३० मिलिमीटर वर येणार असल्याने येथे ३५० मिलिमीटर खोदाई पुरेशी होते. म्हणजे १७० घनमीटर खोदाई. खोदलेली माती फुगून सुमारे ७८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते, आणि ती कुठे टाकायची व वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे करारात आधीच लिहावे. जीएसबी आणि डब्ल्यूएमएम दबाईनंतर प्रत्येकी ७३ घनमीटर हवेत, परंतु खडी सैल मापात येते आणि दबाईत बसते. म्हणून १.३ पट धरून प्रत्येकी ३३ ते ३४ ब्रास माल मागवावा लागेल. चाचणी खड्ड्यात खडीखाली थेट काळी माती निघाली तर खोदाई आणखी २०० मिलिमीटर वाढवून मुरमाचा थर द्यावा लागेल. त्यासाठी सुमारे ४५ ब्रास मुरूम जादा धरावा. काळ्या मातीवर जीएसबी थेट अंथरला तर पावसाळ्यात ती माती खडीच्या फटींतून वर चढते आणि थराचा उपयोग संपतो.

पाया तयार झाल्यावर डब्ल्यूएमएमवर प्राइम कोट, म्हणजे खडीवरचा पहिला डांबरी फवारा, लागतो. सावकाश घट्ट होणारे इमल्शन (पाण्यात मिसळलेले पातळ डांबर) चौरस मीटरला ०.७ ते १.० किलो लागते, ०.८ धरल्यास ४८६ चौरस मीटरसाठी सुमारे ३९० किलो होते. जुन्या डांबरी पृष्ठभागावर नवा थर चिकटावा म्हणून टॅक कोट असतो आणि त्यासाठी जलद घट्ट होणारे इमल्शन चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो वापरतात. सगळ्या थरांचा मिळून टॅक कोट सव्वासातशे किलोच्या आसपास येतो. रक्कम लहान असल्याने ही बाब लोकांच्या नजरेतून सुटते, पण धूळ न झाडता किंवा टॅक कोट न मारता टाकलेला थर पोळीसारखा सुटून येतो.

आता डांबरी मालाचे वजन काढू. संपूर्ण २,३४० चौरस मीटरवर ३० मिलिमीटर बीसी म्हणजे ७०.२ घनमीटर. येथे घनतेचा आकडा महत्त्वाचा आहे. आपल्या भागातील खडी काळ्या कातळाची आणि जड असते, त्यामुळे दाबलेल्या बीसीचे वजन घनमीटरला २.४ टन धरणे योग्य. त्याहून कमी आकडा घेतला तर प्रत्यक्षात माल कमी पडतो. याप्रमाणे बीसी १६८.५ टन होते. खचलेल्या भागातील बीएम २४.३ घनमीटर, ते मोकळ्या बांधणीचे असल्याने २.२ टनांप्रमाणे ५३.५ टन होते. उरलेल्या १,८५४ चौरस मीटरपैकी पाणी साचणारे खोलगट भाग आधी भरून समतल करावे लागतील. असे भाग पंधरा टक्के आणि त्यांची सरासरी खोली २५ मिलिमीटर धरल्यास ते १६.७ टन होतात. या तिन्हींची बेरीज २३८.७ टन आणि तीन टक्के नासधूस धरून २४६ टन. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, कारण यापुढील प्रत्येक बोलणे त्याच्याशी ताडून पाहायचे आहे.

आता तिघांचे दर या तराजूत घालू. तिसऱ्या ठेकेदाराच्या दराने २४६ टनांचे १२,५४,६०० रुपये होतात आणि १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १४ लाख ८० हजार. पहिल्याचे ४२ रुपये चौरस फुटाने १० लाख ५८ हजार होतात. त्याचा दर जीएसटीसह आहे असे मानले तर कर वजा जाता ८ लाख ९७ हजार उरतात, आणि टनाला ५,१०० या भावाने त्यात सुमारे १७६ टन माल येतो. तो २,३४० चौरस मीटरवर पसरल्यास जाडी ३१ मिलिमीटर भरते. म्हणजे त्याच्या दरात एकच थर आहे. खोदाई, पाया, बीएम किंवा खोलगट भाग भरणे यांपैकी काहीही नाही. दुसऱ्याच्या ठोक रकमेतून याच रीतीने १५६ टन निघतात आणि जाडी जेमतेम २८ मिलिमीटर होते. त्याच्याकडे माल स्वस्त मिळत असेल, हे शक्य आहे; परंतु ते त्याने लेखी दाखवावे. सभासदांना ठोक रक्कम सोयीची वाटणे स्वाभाविक आहे, कारण घरचा रंग किंवा मंडप आपण ठोकच ठरवतो. पण रंग पातळ लागला तर दुसऱ्या दिवशी दिसतो आणि रस्ता पातळ झाला तर एका पावसाळ्यानंतर दिसतो. तोवर रक्कम दिलेली असते.

म्हणून तिघांनाही एकच कोष्टक द्यावे: खोदाई घनमीटरात, जीएसबी व डब्ल्यूएमएम दबाईनंतरच्या घनमीटरात, प्राइम व टॅक कोट चौरस मीटरात, बीएम व बीसी टनात, आणि चेंबरची झाकणे उचलणे नगावर. प्रत्येक बाबीपुढे त्यांनी जीएसटीशिवायचा दर भरावा. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची पाहून प्रत्येक बाबीचा दर साधारण कुठे असावा याचा अंदाज घेता येतो. छोट्या खासगी कामाला पेव्हर आणि रोलर आणण्याचा खर्च जास्त पडतो, त्यामुळे दरसूचीपेक्षा काही वाढ न्याय्य ठरते. शेजारच्या वसाहतीला रस्ता करायचा असेल तर दोघांनी एकाच आठवड्यात काम ठरवावे; यंत्रे एकदाच येतील आणि दरात खरी बचत होईल. मार्चअखेर टाळावी, कारण सरकारी कामांच्या घाईत त्या दिवसांत हॉटमिक्स प्लांटला लहान कामासाठी वेळ नसतो. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ आपल्याला योग्य आहे.

डांबराच्या भावाबद्दल वेगळे लिहितो, कारण याच मुद्द्यावर ऐनवेळी वाद होतात. तेल कंपन्या डांबराचे भाव दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलतात. दर घेताना त्या दिवशीचा व्हीजी-३० (रस्त्यासाठी वापरायची डांबराची एक प्रत) डांबराचा भाव करारात नोंदवावा. बीसीमध्ये वजनाच्या किमान ५.४ टक्के डांबर असावे लागते, म्हणजे एका टनात ५४ किलो, बीएममध्ये ३.४ टक्के, म्हणजे ३४ किलो. डांबर टनामागे हजार रुपयांनी वाढले तर बीसीचा टन ५४ रुपयांनी आणि बीएमचा टन ३४ रुपयांनी वाढतो. आपल्या संपूर्ण कामावर हा फरक बारा हजारांच्या आसपास राहतो. ‘डांबर महागले, लाख रुपये वाढवा’ असे कोणी म्हणाले तर हा गुणाकार त्यांच्यासमोर ठेवावा. भाव उतरला तर त्याच हिशोबाने आपल्याला सूट मिळाली पाहिजे, हेही करारात असावे.

डांबर पडण्यापूर्वी दोन गोष्टी पूर्ण झाल्या पाहिजेत. ज्यांच्या नळजोडण्या किंवा ड्रेनेजच्या जोडण्या बाकी आहेत त्यांना लेखी सूचना देऊन आधी खोदकाम उरकायला लावावे. नव्या रस्त्यावर मारलेला एक आडवा चर कितीही नीट भरला तरी पाण्याला आत जायला वाट देतो. दुसरी गोष्ट पातळीची आहे. आपल्या रस्त्यावर पूर्वी किती थर चढले आहेत आणि कोणत्या घरांचा ओटा रस्त्याच्या पातळीला आला आहे, हे पाहावे. विश्रामबागेसारख्या सपाट भागात रस्ता ३० मिलिमीटर जरी वर आला तरी पाणी कोणाच्या अंगणात शिरते, हे आधी ठरवून बघावे लागते. अशा घरांसमोर जुना थर खरवडून मगच नवा टाकावा. रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांना अडीच टक्के उतार हवा. ५.२ मीटर रुंदीत मध्य कडेपेक्षा ६५ मिलिमीटर उंच असायला हवा, आणि दोरी ताणून हे कोणालाही तपासता येते. गटारींची तोंडे मोकळी नसतील तर हा उतार निरर्थक होतो, म्हणून गटारींची सफाई याच खर्चात धरावी.

कामाच्या दिवशी समितीचे दोघे जण रस्त्यावर असावेत. प्रत्येक डंपर आपण निवडलेल्या वजनकाट्यावर भरलेला आणि रिकामा असा दोनदा तोलून यावा, आणि पावतीवर गाडीचा क्रमांक व वेळ असावी. त्यानंतरची तपासणी अगदी सोपी आहे. ३० मिलिमीटर बीसीला चौरस मीटरला ७२ किलो माल लागतो. म्हणजे १६ टनांचा एक डंपर ५.२ मीटर रुंदीच्या रस्त्यावर सुमारे ४३ मीटर जायला हवा. तो ५५ मीटर गेला तर थर २३ मिलिमीटरचाच पडला असे समजावे आणि काम तिथेच थांबवून विचारावे. रोलर फिरण्यापूर्वी सैल थर दाबलेल्या थरापेक्षा वीस ते पंचवीस टक्के जाड असतो. त्यामुळे ताज्या थरात सळई खुपसून ३० मिलिमीटर भरले म्हणून समाधान मानू नये. तिथे ३६ ते ३८ मिलिमीटर दिसायला हवेत. व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस आणि रोलरची दबाई संपेपर्यंत किमान ९० अंश तापमान असावे लागते. मालात खुपसून पाहण्याचा तापमापक ठेकेदाराकडेच असतो. तो वापरायला लावावा आणि प्रत्येक गाडीचा आकडा वजनाच्या पावतीमागे लिहावा. पाऊस पडत असेल किंवा पृष्ठभाग ओला असेल तर गाडी परत पाठवावी, मग तो माल कितीही गरम असो. बीएमचा थर टाकला की ४८ तासांच्या आत त्यावर बीसी पडली पाहिजे, कारण तो थर सच्छिद्र असतो आणि उघडा राहिला तर पाणी थेट नव्या पायात उतरते.

काम संपल्यावर तीन ठिकाणी कोअर (रस्त्यात भोक पाडून काढलेला गोल नमुना) काढून जाडी व घनता तपासून घ्यावी आणि मालाच्या एका नमुन्यातील डांबराचे प्रमाण प्रयोगशाळेत काढावे. विश्रामबागेतच वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील स्थापत्य विभागात या चाचण्यांविषयी चौकशी करावी. शेवटच्या बिलातील दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच मान्य करून घ्यावी. प्रामाणिक ठेकेदार या अटीला हरकत घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता साडेसोळा लाखांचा प्रश्न. संपूर्ण २४६ टन माल याच वर्षी घेतला तर १४ लाख ८० हजार डांबरी मालालाच जातात आणि खोदाई, जीएसबी व डब्ल्यूएमएम यांसाठी केवळ १ लाख ७० हजार उरतात. तेवढ्यात ९० मीटरचा पाया होणार नाही. त्यापेक्षा तिन्ही गल्ल्या पुढील वर्षावर ठेवाव्यात. गल्ल्यांचा वाटा सुमारे ५४ टन, म्हणजे जीएसटीसह सव्वातीन लाख आहे. तो वाचला की पायासाठी आणि अकल्पित खर्चासाठी मिळून ४ लाख ९५ हजार हाती राहतात. गल्ल्यांमधील सभासद नाराज होतील, याची मला जाणीव आहे. परंतु गल्ल्यांवर जड वाहन जात नाही, आणि प्रवेशद्वाराचा पाया सुधारल्याशिवाय केलेला कोणताही खर्च टिकणार नाही, हे त्यांना चाचणी खड्ड्यांपाशी नेऊन दाखवावे. या वर्षी गल्ल्यांमधील खड्डे मुख्य रस्त्याच्या गरम मालातूनच भरून घ्यावेत. दोन टन पुरतील. पुढील वर्षीचा अंदाज करण्याआधी गल्ल्यांची रुंदीही पाच-पाच ठिकाणी मोजून ठेवावी, कारण आपल्या नकाशावर ती प्रत्येकी एकाच ठिकाणी मोजलेली दिसते.